नवीन बॅटरी टाकूनही गरम बॉक्सस्टर उठत नाही? आधी मीटर लावा, पार्ट नंतर मागवा

तुमचा प्रश्न पूर्ण वाचला, त्याखाली आलेली उत्तरंही वाचली. मला काय समजलं ते आधी लिहितो, काही चुकीचं धरलं असेल तर लगेच सांगा. २००७ ची पोर्शे बॉक्सस्टर, ९८७ मॉडेल, २.७ लिटर, मॅन्युअल, तुम्ही दुसरे मालक. गाडी मानपाड्याला सोसायटीच्या पोडियमखाली असते आणि पावसाळाभर जवळपास हललीच नाही. गणपतीनंतर काढायला गेलात तर बॅटरी पूर्ण झोपलेली, म्हणून नवीन टाकलीत. आता सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये उठते, पण पाम बीचला फिरवून आणली, नेरुळला चहाला दहा मिनिटं थांबलात आणि परत चावी फिरवली की सेल्फ जड फिरतो, कधी नुसता एक 'टक' येतो, आणि अर्धा-पाऊण तास थांबलं की आपोआप उठते. यावर एकाने सांगितलं बॅटरी डुप्लिकेट आहे, दुसऱ्याने स्टार्टर मोटर, तिसऱ्याने क्रँक सेन्सर, चौथ्याने फ्युएल पंप आणि ई-२० (२० टक्के इथेनॉलवालं) पेट्रोल. आणि तुम्ही विचारताय की यातलं आधी काय मागवू.

आत्ता काहीच मागवू नका. मी ऐरोलीत बरीच वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय, त्यात अशा दोन सीटर गाड्याही येतात, आणि यांच्यात पार्ट बदलून बघू म्हणणं फार महागात जातं, कारण पार्ट महाग, तो यायला वेळ लागतो, आणि त्यात स्टार्टर अशा जागी बसलेला असतो की त्याच्यापर्यंत पोचायचीच मजुरी दुखते. तुम्ही लक्षणं इतकी छान लिहिली आहेत की चारातली दोन उत्तरं त्या वर्णनावरूनच बाजूला ठेवता येतात, एकही पाना न फिरवता.

बघा, 'गाडी स्टार्ट होत नाही' या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार येतात. एक, सेल्फ लागतच नाही. दोन, सेल्फ लागतो पण जड फिरतो. तीन, सेल्फ मस्त जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही. तुमचा आजार दुसऱ्यातला आहे, मधूनमधून पहिल्यात जातो. क्रँक सेन्सर आणि फ्युएल पंप हे दोन्ही तिसऱ्या आजाराचे. क्रँक सेन्सर कॉम्प्युटरला फक्त एवढं सांगतो की इंजिन फिरतंय आणि किती वेगाने, तो गेला तर स्पार्क आणि पेट्रोल मिळणार नाही पण सेल्फ नेहमीच्याच वेगाने फिरत राहील. ज्यांनी तो सुचवला त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही, हे सेन्सर गरम झाल्यावर दगा देतात आणि थंड झाल्यावर परत चालतात हे खरं आहे, फक्त ते लक्षण तुमच्या गाडीच्या अर्ध्याच वर्णनाला बसतं. शंका राहिली तर स्कॅनर लावून सेल्फ मारताना आरपीएम बघा, साधारण दोनशेच्या आसपास दिसायला हवा. इंजिन व्यवस्थित फिरतंय आणि स्कॅनरवर शून्य, किंवा पी०३३५ हा क्रँक सेन्सरचा कोड पडलाय, तरच सेन्सरकडे वळा. ई-२० मुळे जुन्या गाड्यांना इतर त्रास होऊ शकतात, पण पेट्रोल कसंही असलं तरी स्टार्टर मोटरचा वेग त्याने कमी होत नाही.

आता बॅटरी. नवीन आहे म्हणून ती चांगलीच असणार असं मी कधी धरत नाही, पण तुमच्या बाबतीत ती जवळपास सुटलीय आणि त्याचं कारण तुम्हीच लिहिलंय. सकाळी इंजिन थंड असतं, ऑइल घट्ट असतं, म्हणजे फिरवायला जास्त ताकद लागते. ते काम बॅटरी एका झटक्यात करते. मग तेच इंजिन गरम, ऑइल पातळ, काम उलट सोपं झालेलं, तेव्हा ती का हरेल? पाम बीचपर्यंत जाऊन येताना ती चार्ज झाली नसेल असंही होऊ शकतं, ते पुढे तपासूच, पण तसं असतं तर अर्धा तास नुसतं उभं राहून ती बरी झाली नसती. आणि या गाडीत बॅटरी असते पुढच्या डिकीत, इंजिन असतं सीटच्या मागे. इंजिनची उष्णता बॅटरीपर्यंत पोचतच नाही.

म्हणून मी स्वतःला विचारतो की या गाडीत गरम होतंय कोण? स्टार्टर मोटर, तिच्यावरचा सोलेनॉइड (चावी फिरवली की मोटरला करंट जोडणारा स्विच), इंजिनपाशी आलेल्या जाड केबली आणि इंजिनची अर्थिंग पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी). एवढीच मंडळी. इंजिन बंद केलं की कूलंट फिरायचं थांबतं, वारा थांबतो, आणि बंद कप्प्यातलं तापमान पहिली दहा-पंधरा मिनिटं कमी होण्याऐवजी वाढतं. तुमचा चहाचा ब्रेक नेमका त्यात येतो. गाडी बंद केल्यावर मागे पंखा चालू राहिल्याचा आवाज कधीकधी यायला हवा, तो कित्येक दिवसांत ऐकलाच नसेल तर तेही लिहून ठेवा. तांब्याचा रेझिस्टन्स दर डिग्रीला साधारण ०.४ टक्के वाढतो, म्हणजे ६० डिग्रीने तापलेल्या सोलेनॉइडच्या वाइंडिंगचा रेझिस्टन्स जवळपास पावपट वाढलेला असतो. निरोगी गाडी हे सहज सोसते. जिच्यात आधीच कुठेतरी व्होल्टेज गळतंय ती नाही सोसत.

आणि माझा पहिला संशय त्या गळतीवरच आहे. ९८७ मध्ये, आणि त्याच काळातल्या ९११ म्हणजे ९९७ मध्येही, स्टार्टर आणि अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) यांना जोडणारी जाड केबल हे जगभरच्या मालकांना माहीत असलेलं दुखणं आहे. केबल वरून ठणठणीत दिसते, पण टोकाच्या लगमध्ये (बोल्टला बसणाऱ्या धातूच्या तुकड्यात) जिथे ती दाबून बसवलेली असते तिथे आतून गंज चढतो. आपल्याकडे खाडीची खारी दमट हवा, त्यात पावसाळाभर गाडी उभी, त्या लगला अजून काय हवं. मी अशा केबलीचं आवरण कापून बघितलंय, आत तांब्याच्या तारांवर हिरवट पूड असते.

'मग केबल मीटरने चेक केली, कंटिन्युइटी आली, केबल ओके' असं बरेच जण सांगतात, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही असं मीटरने दाखवलं. इथेच बहुतेकांचा घोळ होतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. साधा मल्टिमीटर ०.०१ ओहम वगैरे दाखवूच शकत नाही, त्याच्या स्वतःच्या वायरींचाच रेझिस्टन्स त्याहून जास्त असतो. पण स्टार्टर ओढतो दीडशे-दोनशे अँपिअर. आता गुणाकार करा, ०.०१ ओहम गुणिले २०० अँपिअर म्हणजे २ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.५ असतील तर स्टार्टरच्या वाट्याला साडेआठ. टाकी भरलेली आहे पण नळाला धार नाही, तशी गत. मीटर बीप करेल, टेस्ट लँप लख्ख पेटेल, कारण त्यांना करंटच किती लागतो! म्हणून केबल तपासायची तर तिच्यातून पूर्ण करंट वाहत असताना, आणि तुमच्या बाबतीत ती गरम असताना. गॅरेजवाल्याने सकाळी थंड गाडीवर सगळं तपासून 'काहीच प्रॉब्लेम नाही' म्हणणं हे त्याच्या बाजूने खरंच असतं, त्या वेळी प्रॉब्लेम नसतोच.

तर टेस्ट अशी करा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी नीट तापू द्या, ते आपल्याकडे अवघड नाही. घरी आणून बंद करा, दहा मिनिटं थांबा, आणि त्याच वेळी मीटर बॅटरीच्या दोन टर्मिनलवर धरून, म्हणजे शिशाच्या खांबांवर, क्लँपवर नाही, दुसऱ्याला चावी फिरवायला सांगा. पुढची डिकी आधीच उघडून ठेवा. हा एकच आकडा तुमचा अर्धा निकाल लावेल. सेल्फ जड फिरतोय आणि तरी बॅटरीवर ११.५ किंवा वर टिकून आहे, तर बॅटरीकडून करंट मागितलाच जात नाहीये, म्हणजे वाटेत अडथळा आहे, केबल, अर्थिंग किंवा सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट. उलट बॅटरी ९.६ च्याही खाली कोसळली तर एकतर बॅटरी लोड घेत नाहीये किंवा स्टार्टर आतून घासतोय आणि प्रमाणाबाहेर करंट खातोय. तसं झालं तर बॅटरीची लोड टेस्ट (मोठा करंट ओढून तपासणी) करून घ्या, ती पास झाली तर स्टार्टर.

पहिला निकाल आला, जो येईल असं मला वाटतंय, तर पुढे अर्थिंग. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिन किंवा गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. गाडीच्या पुढून मागे पोचायला मीटरच्या वायरी पुरणार नाहीत, साधी पाचेक मीटरची स्पीकर वायर जोडा, ती कितीही बारीक असली तरी चालते कारण मीटरमधून करंट जवळपास जातच नाही. सेल्फ मारताना ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग पट्टी काढून, घासून परत बसवा. खात्री करायची असेल तर जाड जंपर केबल गिअरबॉक्सपासून बॉडीच्या उघड्या बोल्टला लावा, सेल्फ लगेच सुधारला तर चोर सापडला.

मग पॉझिटिव्ह बाजू, बॅटरीच्या प्लस खांबापासून स्टार्टरच्या मोठ्या बोल्टपर्यंत. याला गाडी लिफ्टवर लागेल, आणि गरमच लागेल. गाडीसोबत मिळतो त्या जॅकवर उचलून कृपया कोणी खाली जाऊ नका, आणि दुसरा माणूस चावी फिरवणार असेल तर गिअर न्यूट्रलला आहे आणि हँडब्रेक ओढलाय हे स्वतः हात लावून बघा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. एक-दीड-दोन दिसले तर मीटरची पिन एकेक जोड पुढे सरकवत या, ज्या जोडावर आकडा उडी मारेल तो जोड खराब. या बाजूला काही सापडलं नाही तर शेवटचं माप सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांमध्ये, म्हणजे जिथे केबल येते तो आणि जिथून मोटरला जातं तो. सेल्फ मारताना तिथे व्होल्टेज दिसलं तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत, आणि तुमचा तो एकटा 'टक' त्यामुळेही असू शकतो. तेव्हा स्टार्टर काढणं आलंच.

एक माप मात्र कुठलाही पाना न लावता होतं आणि ते या केबलबद्दल बरंच बोलतं. इंजिन चालू, एसी आणि हेडलाइट चालू, बॅटरीवर व्होल्टेज किती? १३.८ ते १४.५ हवं. थंड असताना १४ आणि तासभर चालवल्यावर १३ च्या आसपास उतरत असेल तर लोक लगेच अल्टरनेटरला दोष देतात, पण अल्टरनेटरचा करंटही त्याच वाटेने बॅटरीकडे जातो, म्हणजे एकाच खराब केबलने सेल्फही जड होतो आणि चार्जिंगही कमी होतं. दोन्ही लक्षणं एकत्र आणि दोन्ही गरम असतानाच, हे दिसलं तर माझं बोट केबलवरच. बारा व्होल्टच्या सॉकेटमध्ये खोचायचा स्वस्त व्होल्टमीटर मिळतो तो लावून फिरा, त्याचा आकडा थोडा कमी येतो पण आपल्याला फरक बघायचाय.

हे सगळं एकट्याने होत नाही आणि इथेच मित्रमंडळींचा खरा उपयोग आहे. रविवारी सकाळी पाम बीचला जमणाऱ्यांमध्ये कोणाकडे तरी स्कॅनर असतो, कोणाकडे चांगला मीटर, कोणीतरी आधी हीच गाडी खोललेली असते. त्यांना 'काय झालं असेल?' विचारलं तर प्रत्येक जण स्वतःच्या गाडीला जे झालं होतं तेच सांगणार, मनापासून सांगणार, पण ते त्याच्या गाडीचं उत्तर असतं. त्याऐवजी सेल्फचा आवाज येईल असा व्हिडिओ, डॅशबोर्डवरचे लाइट दिसतील असा, आणि वरचे आकडे थंड व गरम दोन्ही वेळचे टाका. मग बघा उत्तरं कशी एका दिशेला येतात. एकसारखे रिले (विजेवर चालणारे छोटे स्विच) आपसात बदलून बघणं ठीक आहे, पण दुसऱ्याच्या गाडीचा कंट्रोल युनिट किंवा चावीचा अँटेना आणून लावायचा उद्योग कोणी सुचवला तर करू नका, इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय गाडी सुरू होऊ न देणारी यंत्रणा) त्या त्या गाडीच्या चावीशी बांधलेला असतो.

स्टार्टरबद्दल माझं म्हणणं परिस्थितीवर अवलंबून आहे. वरची मापं केबलवर आली पण गाडी लाखभर किलोमीटर चाललेली आहे आणि स्टार्टर कधी उघडलेला नाही, तर तिथपर्यंत हात पोचलेलाच असताना त्याचे ब्रश आणि कॉन्टॅक्ट बघून घेणं शहाणपणाचं, मजुरी दोनदा पडत नाही. कमी चाललेली असेल तर नुसती केबल बदला आणि चालवून बघा. तुम्ही किलोमीटर लिहिलेले नाहीत, ते सांगा. तसंच 'टक' येतो तो दर वेळी येतो का, की कधीकधी चावी फिरवून अगदीच शांतता? शांतता असेल तर रस्ता वेगळा, मग इग्निशन स्विचचा इलेक्ट्रिकल भाग, जो या पिढीच्या गाड्यांत झिजतो आणि तुलनेने स्वस्त आहे, स्टार्टर रिले, आणि गाडी ज्या मार्केटची असेल त्यानुसार क्लच पेडलचा स्विच.

पावसाळ्यात उभी होती म्हणालात म्हणून एक काम आजच करा, सीटखालचं कार्पेट हाताने दाबून बघा. कापडी छपराच्या गाड्यांत छपराचं पाणी वाहून जायला मागच्या बाजूला नळ्या असतात, त्यात झाडाचा पाला आणि धूळ बसली की पाणी केबिनमध्ये उतरतं आणि वरून काहीच कळत नाही. बॉक्सस्टरच्या आधीच्या ९८६ मॉडेलमध्ये तर इमोबिलायझरचा डबा सीटखालीच आहे, तो भिजला की गाडी चावी ओळखायचीच बंद होते आणि माणूस स्टार्टर बदलत बसतो. तुमच्या गाडीत निदान सीटखालचे कनेक्टर कोरडे आहेत ना एवढं बघा, नळ्या मऊ वायर घालून मोकळ्या करा, जोराची हवा मारू नका, आतला जोड निघून येतो. आणि टॉर्च घेऊन उंदराच्या लेंड्या दिसतात का तेही बघा, येऊरच्या बाजूच्या सोसायट्यांत पावसात उंदीर हमखास आसरा शोधतात आणि कुरतडलेली बारीक वायर कुठलंही लक्षण देऊ शकते.

मुळात पहिली बॅटरी का झोपली याचं उत्तर बहुधा साधं आहे. लॉक करून गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) झोपल्यावर, म्हणजे साधारण अर्ध्या-पाऊण तासाने, गाडी ५० मिलीअँपिअरच्या आत खायला हवी. अगदी तेवढेच धरले तरी दिवसाला १.२ अँपिअर-आवर जातात, ७० ची बॅटरी महिन्याभरात निम्मी होते. पावसाळाभर उभी ठेवायची तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा, पोडियममध्ये पॉइंट नसेल तर सेक्रेटरींशी बोलून घ्या. आता बॅटरी रात्रभर उभी राहून सकाळी १२.६ च्या आसपास असेल तर चोरी नाही असं समजा, १२.२ म्हणजे निम्मी उतरली, मग खाणारा शोधावा लागेल. नवीन जर्मन गाड्यांत बॅटरी बदलल्यावर कोडिंग लागतं, तुमच्या गाडीत लागत नाही, त्यामुळे ते कोणी सांगितलं तर पैसे देऊ नका.

केबलच निघाली तर दुरुस्तीबद्दल एवढंच की नवा लग दाबून जुनीच केबल वाचवायला जाऊ नका, गंज तारांच्या आत पुढपर्यंत गेलेला असतो, पूर्ण केबल घ्या. काम सुरू करायच्या आधी रेडिओचा कोड शोधून ठेवा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि काम संपेपर्यंत पुढची डिकी लागू देऊ नका, तिचं लॅच विजेवर चालतं. चुकून लागलीच तर घाबरू नका, पायापाशी असलेल्या फ्यूज बॉक्समधून लाल रंगाची एक प्लस पिन बाहेर ओढता येते, तिला बाहेरच्या बॅटरीचा प्लस, दरवाजाच्या धातूच्या बिजागरीला किंवा लॉकच्या कडीला मायनस लावला की रिमोटने डिकी उघडते. अलार्म वाजेल, चावीने दार लॉक-अनलॉक केलं की थांबतो. फक्त त्या पिनेवरून गाडी जंप स्टार्ट करायला जाऊ नका, ती वायर फक्त लॅच उघडण्यापुरती आहे, स्टार्टरचा करंट तिला झेपणार नाही.